ठाण्यातल्या विनोदी भूतशोधकांच्या कथेच्या दुसऱ्या भागात कोणतं भूत घ्यावं?

चकवा घ्या, डोळे मिटून. पहिल्या भागात पिंपळावरचा मुंजा वापरून झालाय, मग पुन्हा झाडाखाली कशाला जायचं? चकवा दिसत नाही, नुसती वाट चुकवतो. माणूस रात्रभर चालून पहाटे होता तिथंच. घोडबंदर रोडवर वाहतूक कोंडीमुळे हे रोजचंच, त्यामुळे गायमुखच्या घाटात अडकलेल्यांना चकवा लागलाय हे कळणारच नाही. खरी गंमत तिथं आहे. तक्रार घेऊन एकच रिक्षावाला येऊ दे: मीटर पळतंय, गिऱ्हाईक मागे घोरतंय आणि समोर पाटी पुन्हा कापूरबावडी नाक्याचीच. पाण्यातला गिऱ्हा मसुंदा तलावात सोडायचा मोह होईल, पण तो तिसऱ्या भागाला ठेवा. आणि हो, शोधकांचं आता नाव झालंय, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरीनं जीएसटीचं बिल मागितलंच पाहिजे.