शाश्वत विकासाची तुलना: गुण, क्रमांक आणि तालुका

प्रश्न : सातारा जिल्ह्याचे आकडे चांगले असूनही आमच्या माण तालुक्यात टँकर का लागतात? (वाचक, दहिवडी)

जिल्ह्याचा आकडा ही सरासरी असते. महाबळेश्वरला वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माणमध्ये जेमतेम त्याचा दहावा हिस्सा. त्यांची सरासरी ना महाबळेश्वरची असते, ना माणची. सांगलीत शिराळा आणि जत यांचेही असेच आहे. पाण्याची तुलना तरी तालुक्याच्या पातळीवरच व्हावी.

प्रश्न : साताऱ्यात हजार पुरुषांमागे 988 स्त्रिया आहेत. लिंगसमानतेत आपण पुढे आहोत ना? (वाचक, कराड)

असे घाईने म्हणू नये. हा 2011 च्या जनगणनेचा आकडा असून तेव्हा राज्याचे प्रमाण 929 होते, हे खरे. मात्र त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात साताऱ्यात हजार मुलग्यांमागे 895 मुली होत्या, म्हणजे राज्याच्या 894 इतक्याच. सांगलीत तर 867. नोकरीसाठी मुंबईला गेलेले पुरुष तिकडे मोजले जातात, त्यामुळे इकडचे एकूण प्रमाण फुगते. स्थलांतराला प्रगती समजण्याची ही चूक टाळण्यासाठी जन्मावेळचे प्रमाण पाहावे. नीती आयोगही आपल्या शाश्वत विकास निर्देशांकात, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांवरील प्रगतीला गुण देणाऱ्या मोजणीत, तेच धरतो.

प्रश्न : नीती आयोगाच्या निर्देशांकात देशाचे गुण 2018 मध्ये 57 होते, 2023-24 मध्ये 71 झाले. ही वाढ खरी मानावी का? (वाचक, विटा)

दिशा खरी मानावी, 14 गुणांचे अंतर जपून वाचावे. पहिल्या (2018 च्या) निर्देशांकात 62 निर्देशक, म्हणजे मोजायच्या बाबी होत्या, चौथ्यात (2023-24 च्या) 113. मोजपट्टीच बदलली असेल, तर वाढीतला किती भाग कामाचा आणि किती मोजणीचा, हे एकत्रित गुणांवरून कळत नाही. शिवाय साध्या सरासरीत एका उद्दिष्टातील उणीव दुसऱ्यातील गुणांनी झाकली जाते: शिक्षणात 90 आणि पाण्यात 30 गुण मिळवणारा प्रदेश दोन्हींत 60 मिळवणाऱ्याच्या बरोबरीने बसतो. भूमितीय सरासरी (दोन्ही गुणांच्या गुणाकाराचे वर्गमूळ) काढली, तर पहिल्याला सुमारे 52 च गुण मिळतात. मानव विकास निर्देशांकाने 2010 पासून हीच पद्धत स्वीकारली आणि माझ्या मते प्रादेशिक तुलनेसाठीही तीच अधिक न्याय्य आहे. क्रमांकाबद्दल तर मला फारसे ममत्व नाही. शेजारी घसरला तरी आपला क्रमांक वर जातो.

प्रश्न : ग्रामपंचायतीने सुरुवात कुठून करावी? (वाचक, आटपाडी)

पंचायतींसाठी शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टे 9 विषयांत बसवलेली आहेत. त्यांतले पाण्याचे आधी घ्यावे. ठरावीक विहिरींची पातळी दरवर्षी ऑक्टोबरात आणि मेमध्ये मोजावी, नोंद ग्रामसभेत वाचावी आणि विहिरी मध्येच बदलू नयेत.