वाचकांचे प्रश्न : बेंतोचा भात टणक का होतो?

प्रश्न : मुलगी कॉलेजला बेंतो, म्हणजे जपानी पद्धतीचा डबा नेते. सकाळी सहाला भरलेला डबा साडेबाराला उघडला की भात टणक, झाकणाला पाणी, आणि लोकलच्या गर्दीत सगळं एकमेकांत कालवलेलं. कुठे चुकतं?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : आधी तांदूळ बदला. बेंतो गारच खायचा असतो, म्हणून जपानात आखूड, चिकट दाण्याचा तांदूळ वापरतात. त्यात अमायलोज (स्टार्चचा एक प्रकार) कमी, त्यामुळे निवला तरी मऊ राहतो. बासमती-कोलमचा भात मोकळा होतो तो अमायलोज जास्त असल्यामुळे, आणि निवल्यावर टणक होतो तोही त्यामुळेच. जपानी तांदूळ महाग पडतो. इंद्रायणी छान चालतो. एक वाटी तांदूळ अर्धा तास भिजवा, पावणेदोन वाट्या पाणी घाला (नवा तांदूळ असेल तर दीडच), त्यात चमचाभर व्हिनेगर. रात्रीचा भात फ्रीजमधून काढून तसाच भरू नका. फ्रीजमध्ये तो बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो.

शिजलेला भात परातीत पसरून पंख्याखाली पूर्ण निवू द्या, भाज्याही. गरम भरला की वाफ झाकणाला धरते, खाली टपकते, आणि आपल्या दमट हवेत डबा आंबतो. निववायला वेळ नसेल त्या दिवशी सरळ पोळी-भाजी द्यावी.

कालवाकालव होते ती डब्यात मोकळी जागा राहिल्यामुळे. अर्ध्या डब्यात भात दाबून बसवा, कड उतरती ठेवा. त्याला टेकून मोठा तुकडा, म्हणजे अंड्याची गुंडाळी (अंडं आतपर्यंत शिजलेलं हवं) किंवा परतलेलं पनीर. उरलेल्या फटींत फरसबी, गाजर, काचऱ्या. डबा हलवून पाहा; आवाज आला तर अजून जागा आहे. भात तीन भाग, मुख्य पदार्थ एक, भाज्या दोन असा घट्ट भरलेला ६०० मिलिलिटरचा डबा साधारण ६०० कॅलरींचा होतो, असा जपानातला ठोकताळा आहे. रस्सा, ओलं खोबरं, मेयोनीज नको. काकडी द्यायचीच तर मीठ लावून, पिळून, टिपून.

प्रश्न : भाताच्या मधोमध लाल फळ ठेवतात. त्याने भात टिकतो का?
– एक वाचक, दादर

उत्तर : ते उमेबोशी, म्हणजे उमे नावाचं खारवलेलं आंबट जपानी फळ. भातावर ते ठेवलं की जपानी झेंडा दिसतो, म्हणून त्या डब्याला हिनोमारू म्हणतात. मीठ आणि आम्लाचा परिणाम ते टेकतं तेवढ्याच भागावर होतो. उन्हाळ्यात कुस्करून सगळ्या भाताला लावलेलं बरं. पूर्वीच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांच्या झाकणांना याच आम्लाने खड्डे पडत. स्टीलच्या डब्यात बिनतेलाचं, मुरलेलं लिंबाचं लोणचं ठेवा, चवीचं काम भागतं.

प्रश्न : जपानातल्या आया रोज कार्टूनचे डबे करतात?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. सरकारी प्राथमिक शाळांत बहुतेक ठिकाणी जेवण शाळेतच मिळतं. डबे लागतात ते मुख्यतः बालवाडीला, सहलीला आणि पुढे हायस्कूलला. नोरीचे (वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या पातळ कागदाचे) डोळे-मिशा चिकटवायचेच असतील तर स्वच्छ चिमट्याने चिकटवा. बोटं जितकी लागतील तितका डबा लवकर खराब होतो.