पैसा कोणाकडे अडकला होता?

गेल्या महिन्यात या सदरात टाळेबंदीच्या काळातील उधारीचा ओझरता उल्लेख आला आणि त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. कोरोनाचा काळ मागे पडला असला तरी त्या दोन वर्षांचे हिशेब कोल्हापुरातील अनेक घरांत आणि दुकानांत अजून मिटलेले नाहीत, असे या पत्रांवरून दिसते. त्यांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : महाद्वार रोडच्या परिसरात आमचे कोल्हापुरी चपलांचे दुकान आहे. २०२० च्या मार्चपासून वर्षभर विक्री जवळजवळ थांबली आणि अखेर वडिलांना अर्धे दुकान सोडावे लागले. आमच्या शेजाऱ्यांकडे माल कमी, गिऱ्हाईकही आमच्यापेक्षा कमी. तरीही ते टिकले. आमचे नेमके काय चुकले? आणि विम्यातून काही भरपाई मिळाली असती का?

उत्तर : शेजाऱ्यांकडे माल कमी होता, हे आपण त्यांची उणीव म्हणून लिहिले आहे, परंतु २०२० मध्ये त्याच उणिवेने त्यांना तारले, असे मला वाटते.

कोल्हापुरी चपलेचा धंदा ऋतूंना बांधलेला आहे. पावसाळ्यात चामडे ओल धरते, त्यावर बुरशी चढते आणि गिऱ्हाईकही पाठ फिरवते. म्हणून उन्हाळी सुट्टीचा एक हंगाम आणि नवरात्रापासून पुढचा दुसरा हंगाम, एवढ्यावरच वर्षाचे गणित बसवावे लागते. उन्हाळ्याचा माल दुकानदार जानेवारी-फेब्रुवारीत भरून ठेवतात. २२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, म्हणजे दुकाने मालाने भरलेली आणि गल्ला रिकामा अशा नेमक्या वेळी दारे बंद झाली. महाद्वार रोडला गिऱ्हाईक आणणारे अंबाबाईचे मंदिर १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला उघडले. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाले आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेला परत उघडले. जोतिबाच्या दोन चैत्र यात्रा, दोन उन्हाळी सुट्ट्या आणि एक नवरात्र एवढे सारे हातचे गेले. त्याआधी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आल्याने पर्यटकांची वाट अडली होती, ती वेगळीच.

अशा काळात ज्याने दहा लाखांचा माल भरला त्याचे दहा लाख मांडणीवर अडकले आणि ज्याने तीन लाखांचा भरला त्याचे तीनच अडकले. विक्री दोघांचीही शून्य होती. आपल्या वडिलांचा व्यवसाय मोठा होता, म्हणून त्यांचा अडकलेला पैसाही मोठा होता. जागेचे भाडे, नोकरांचे पगार आणि कर्जाचा हप्ता मात्र रोख मागत होते. ताळेबंदात तोटा दिसण्याच्या कितीतरी आधी रोकड संपते आणि दुकान त्या क्षणी कोलमडते. आपल्याकडे तोट्याची चर्चा फार होते, रोकड संपण्याची फारशी होत नाही. व्यापाऱ्याला ते बोलून दाखवणे कमीपणाचे वाटते, हेही त्यामागचे एक कारण असावे.

विम्याविषयीही आपण विचारले आहे. महापुरात माल भिजला तर आगीच्या विम्यात पुराचे संरक्षण घेतलेल्या दुकानदाराला भरपाई मिळू शकते. धंदा बंद राहिल्याच्या नुकसानीचे संरक्षण मात्र साधारणतः मालमत्तेची प्रत्यक्ष हानी झाली असेल तरच लागू होते. टाळेबंदीत छप्पर शाबूत होते, माल शाबूत होता, फक्त गिऱ्हाईक नव्हते. त्यामुळे तो दरवाजा बहुतेकांना बंदच राहिला.

टिकलेल्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. काहींनी व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्रे पाठवून पुण्या-मुंबईच्या जुन्या गिऱ्हाइकांना कुरिअरने माल धाडण्यास सुरुवात केली. कोल्हापुरी चप्पल पायात घालून, दोन पावले चालून पाहिल्याशिवाय घेता येत नाही, ही त्यातली मोठी अडचण. सुरुवातीला जोड परत येत आणि जाण्या-येण्याचा खर्च नफा गिळून टाकी. मग कागदावर पावलाची रेघ काढून तिचा फोटो मागवण्याची युक्ती माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने काढली. तिचा खरा फायदा त्यालाही नंतर कळला : मापाबरोबर तो निम्मे पैसे आगाऊ घेऊ लागला आणि मागणी आल्यावरच कारागिराला काम देऊ लागला. आधी माल आणि मग पैसा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम त्याच्यापुरता उलटला.

या क्रमाच्या शेवटच्या टोकाला कारागीर असतो, हे आपण विसरू नये. दुकानदाराने थकवलेले पैसे त्याच्याच घरात कमी पडतात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांचा त्यात समावेश आहे. त्या मानांकनाने नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले, हे खरेच. पण थकलेली मजुरी त्यातून मिळत नाही. आपण पुन्हा दुकान वाढवणार असाल तर हंगामाचा माल एकदम न भरता दोन-तीन टप्प्यांत भरावा आणि प्रत्येक टप्प्याची मजुरी त्याच टप्प्यात चुकती करावी, असे मी सुचवेन. भाव थोडा चढा पडेल. तो सोसण्याजोगा आहे.

प्रश्न : टाळेबंदीत लोकांचा खर्च कमी होऊन बचत वाढली, असे वर्तमानपत्रांत वाचले होते. आमच्या घरी मात्र उलटेच घडले. असे का? (एक गृहिणी, राजारामपुरी)

उत्तर : वर्तमानपत्रांतील माहिती खोटी नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या अंदाजानुसार एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत कुटुंबांची आर्थिक बचत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २१ टक्क्यांपर्यंत गेली होती. पुढच्याच तिमाहीत ती १०.४ टक्क्यांवर उतरली. परंतु ही सरासरी आहे. ज्यांचा पगार चालू होता त्यांचे पेट्रोल, हॉटेल, लग्नकार्ये आणि सहली थांबल्या, त्यामुळे त्यांचा पैसा खात्यात पडून राहिला. ज्यांची कमाई रोजच्या गल्ल्यावर होती त्यांच्या घरी खर्च कमी होण्याआधी उत्पन्न आटले. राजारामपुरीत एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी घडल्या असतील.

शिवाय खर्च घटला तो टाळता येण्याजोग्या बाबींवरचा. किराणा, औषधे, मुलांच्या शाळेसाठी मोबाइल आणि इंटरनेट यांवरचा खर्च उलट वाढला. शंभर रुपयांच्या आसपास मिळणारे खाद्यतेल मे २०२१ पर्यंत दीडशेच्या पुढे गेले. आपल्याकडील तेलाचा मोठा भाग आयात होतो आणि त्या वर्षी पाम, सोयाबीन, सूर्यफूल या तिन्ही तेलांचे भाव जगभर चढले होते. त्यामुळे गल्लीतल्या दुकानदाराशी कितीही घासाघीस केली तरी त्याचा उपयोग नव्हता. विजेच्या बिलाबद्दल आपण लिहिले आहे ते तर घरोघरी घडले : टाळेबंदीत मीटरचे वाचन झाले नाही, सरासरीने बिले आली आणि जून २०२० मध्ये तीन महिन्यांचा फरक एकदम अंगावर पडला. वापरलेल्या विजेचे पैसे द्यावेच लागतात, पण ते एकाच महिन्यात मागितले गेले की घरचे अंदाजपत्रक कोसळते.

त्या काळात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने ‘वहीवर मांडून ठेवतो’ म्हणून महिनाभर सामान दिले, असे आपण कृतज्ञतेने लिहिले आहे. त्यात माणुसकी होती, हे मान्यच. पण त्यामागे एक पक्का हिशेबही होता. मोठ्या दुकानाला गिऱ्हाइकाचा चेहरा ठाऊक नसतो, म्हणून त्याला रोख घ्यावी लागते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आपले घर, आपली नोकरी आणि आपली मागची दहा वर्षे ठाऊक असतात. ही माहिती हेच त्याचे तारण. अडचण एवढीच, की लक्ष्मीपुरीतला ठोक व्यापारी पैशासाठी फार दिवस थांबण्यास तयार नव्हता आणि दुकानदार मधल्या मध्ये चेपला जात होता. ती उधारी आपण दसऱ्यापर्यंत फेडलीत, हे वाचून बरे वाटले.

प्रश्न : मी कपिलतीर्थ मंडईत भाजी विकते. फोनवर पैसे घेतले तर त्यातून कमिशन कापतात का? आणि दहा हजारांचे कर्ज अजून मिळते का?

उत्तर : १ जानेवारी २०२० पासून यूपीआयने होणाऱ्या व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेतले जात नाही. खात्यातून थेट आलेले पैसे आपल्याला पूर्ण मिळतात. देशात एप्रिल २०२० मध्ये यूपीआयचे सुमारे १०० कोटी व्यवहार झाले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते २०० कोटींच्या वर गेले, त्यामागे नोटांना हात लावण्याची भीतीही होती. कर्जाची योजना म्हणजे पीएम स्वनिधी. ती जून २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा फेरीवाल्यांना तारणाशिवाय १०,००० रुपये एका वर्षासाठी मिळत आणि वेळेवर हप्ते भरणाऱ्यांना व्याजात ७ टक्के अनुदान मिळे. सध्याची रक्कम आणि अटी महापालिकेच्या कार्यालयात विचारून घ्याव्यात. एक सावधगिरी मात्र बाळगावी. पहाटे माल उचलताना रोख मोजावी लागत असेल, तर दिवसभराचे सगळे पैसे खात्यात जमा होऊ देणे सोयीचे नाही. दुसऱ्या दिवशीच्या खरेदीपुरती रोकड हाताशी राहील, असे पाहावे.

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीजवळ माझे लहान मशीन शॉप आहे. २०२० मध्ये सहा महिने हप्ते थांबवण्याची सवलत घेतली आणि शेवटी जास्तच पैसे भरावे लागले. ही सवलत होती की फसवणूक? पतसंस्थेने तर ती सवलतही दिली नाही. आजही ग्राहक कारखान्याकडून माझी बिले चार-चार महिन्यांनी निघतात.

उत्तर : फसवणूक हा शब्द मी वापरणार नाही, पण ‘हप्ता माफ’ अशी जी समजूत गावभर पसरली होती तिने पुष्कळांचे नुकसान केले. रिझर्व्ह बँकेने प्रथम मार्च ते मे आणि नंतर ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. हप्ता थांबला, व्याज थांबले नाही. समजा १० लाख रुपये कर्ज शिल्लक आहे, दर १२ टक्के आणि मुदत पाच वर्षे. म्हणजे मासिक हप्ता सुमारे २२,२४४ रुपये. सहा महिने काहीही भरले नाही तर बाकी १०,६१,५२० रुपये होते. तोच हप्ता पुढे चालू ठेवला तर साठऐवजी पासष्टहून थोडे अधिक हप्ते लागतात आणि एकूण भरणा सुमारे १ लाख १५ हजारांनी वाढतो. २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर व्याजावरचे व्याज सरकारने नंतर परत केले, त्याचा गाजावाजाही झाला. आपल्या उदाहरणात ती रक्कम १,५२० रुपये भरते.

तरीही ज्याच्या हातात रोकड नव्हती त्याने ही मुभा घेतली, हे योग्यच झाले. एप्रिल २०२० मध्ये देशातल्या मोटार कंपन्यांची देशांतर्गत विक्री जवळजवळ शून्य होती. गाडी विकली जात नाही तोवर तिच्या कास्टिंगला, म्हणजे ओतीव सुट्या भागांना, मागणी नाही, आणि कास्टिंग नाही तर आपल्या लेथला काम नाही. अशा वेळी हप्ता भरण्यासाठी खासगी सावकाराकडे जाणे अधिक महाग पडले असते. ज्यांची कमाई चालू होती त्यांनीही केवळ मिळते म्हणून सवलत घेतली, त्यांचे मात्र चुकले.

पतसंस्थेविषयी : रिझर्व्ह बँकेची ती मुभा तिच्या नियंत्रणाखालील बँका आणि वित्तसंस्थांसाठी होती. पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली येतात, म्हणून त्यांना ती आपोआप लागू झाली नाही. बँक ठेवींना असलेले ५ लाखांपर्यंतचे विमासंरक्षणही पतसंस्थेतील ठेवींना नाही. ज्यांची पिग्मीही (रोजची छोटी बचत) तिथे आणि कर्जही तिथेच, अशा छोट्या उद्योजकांना याची झळ अधिक बसली. मे २०२० मध्ये जाहीर झालेली आपत्कालीन कर्जहमी योजनाही बँकेत किंवा वित्तसंस्थेत आधीपासून कर्ज असलेल्यांसाठी होती : शिल्लक कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज, तारण नाही, चार वर्षांची मुदत. शिस्तीने पतसंस्थेतून काम भागवणारा माणूस तिच्या बाहेरच राहिला. माझ्या मते त्या वर्षीच्या मदतीतली ही सर्वांत मोठी फट होती.

आता चार महिन्यांच्या बिलांविषयी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. ग्राहकाविरुद्ध अशा थकबाकीचे तंटे ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे तक्रार केली की पुढचे काम बंद होईल, ही आपली भीती रास्त आहे आणि केवळ कायदा आहे म्हणून धाडस करा, असे मी सांगणार नाही. परंतु आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराच्या नियमांत एक बदल झाला आहे : मुदतीत न दिलेली अशी रक्कम ३१ मार्चला थकलेली असेल, तर ग्राहक कारखान्याला तिची वजावट त्या वर्षी मिळत नाही, म्हणजे तेवढ्या रकमेवर त्याला त्या वर्षी कर भरावा लागतो. म्हणून आपला ‘उद्यम’ नोंदणी क्रमांक (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) प्रत्येक बिलावर ठळक छापावा आणि थकलेल्या बिलांची यादी जोडून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या खरेदी विभागाऐवजी हिशेब विभागाला पत्र पाठवावे.