फोरम कसा दिसायचा? आधी साल विचारा

रोम पाहून आलेले वाचक मला फोटो पाठवतात आणि खाली बहुतेक एकच ओळ असते: ‘इथे मुळात काय होतं?’ वर्षभरात साठलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आज घेते आहे, कारण गैरसमज तेच तेच आहेत आणि ते आता शाळेच्या प्रकल्पांतही उतरू लागले आहेत.

फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, तीनच खांब एका ओळीत उभे आहेत. ते विजयस्तंभ होते का?

नाही. कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या देवांच्या देवळाच्या लांब बाजूचे हे उरलेले खांब आहेत. समोर 8 आणि बाजूला 11 अशी त्या देवळाची खांबांची रांग होती.

कलोसियमच्या भिंतीवरची भोकं तोफगोळ्यांची आहेत, असं सोबतचे म्हणत होते.

चूक. दगड एकमेकांना धरून ठेवायला आत लोखंडी पकडी होत्या. मध्ययुगात लोखंड महाग झालं तेव्हा लोकांनी दगड टोकरून त्या काढून नेल्या.

फोरम एवढ्या खड्ड्यात का बांधला?

तो सखल जागेतच होता. दोन टेकड्यांमधली दलदल मोठ्या गटाराने उपसून ती जागा वापरात आणली होती. पण आज दिसतो तेवढा खड्डा तेव्हा नव्हता. नदीचा गाळ आणि पडक्या इमारतींचा राडारोडा साचत जमीन कित्येक मीटर वर आली. आपल्याकडे जुन्या गावांच्या पांढरीची टेकाडं अशीच वाढतात. सम्राट अँटोनिनस आणि त्याची राणी फॉस्टिना यांच्या देवळाकडे पाहा. त्याचं पुढे चर्च झालं. त्या चर्चचा दरवाजा आज हवेत लटकल्यासारखा वर दिसतो, कारण तो बसवला तेव्हा जमीन तिथे होती. लोक या जागेला ‘गुरांचं माळरान’ म्हणत आणि गुरं खरोखरच चरत. पद्धतशीर उत्खनन 19व्या शतकात सुरू झालं.

हे सगळं रानटी टोळ्यांनी पाडलं ना?

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता स्पष्टच सांगते. 410 साली व्हिसिगॉथांनी तीन दिवस आणि 455 साली व्हँडलांनी चौदा दिवस शहर लुटलं, हे खरं. पण लुटारू सोनंनाणं नेतात, देवळाचं जोतं उकरत बसत नाहीत. भूकंपांनी बरंच पाडलं. कलोसियमची दक्षिणेकडची बाहेरची भिंत 1349 च्या धक्क्यात कोसळली. त्याहून मोठा नाश रोमकरांनी स्वतः केला. संगमरवर भाजला की चुना होतो आणि बांधकामाला चुना लागतोच. ज्युलियस सीझरच्या नावाच्या बॅसिलिकेतच, म्हणजे सार्वजनिक सभागृहातच, चुन्याच्या भट्ट्या सापडल्या. 1540 मध्ये पोपनी सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी फोरममधून दगड न्यायला परवानगी दिली. त्याआधीच चित्रकार राफाएलने पोप लिओ दहावा याला लिहिलेल्या पत्रात पुतळे भाजून चुना केला जातो म्हणून हळहळ व्यक्त केली होती.

सोबत एक चित्र पाठवत आहे: ‘फोरम तेव्हा आणि आता’. ऑगस्टस भाषण करतो आहे, सगळं पांढरंशुभ्र आहे. मुलीच्या प्रकल्पात लावलं तर चालेल का? अशी दृश्यं दाखवणारा चष्माही तिथे भाड्याने मिळतो म्हणे.

लावू नका. या चित्रात ऑगस्टसच्या मागे कलोसियम आहे. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस इसवी सन 14 मध्ये वारला, कलोसियमचं उद्घाटन झालं 80 मध्ये. डावीकडे सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची कमान आहे, ती 203 ची. मधोमध पूर्वेकडच्या साम्राज्याचा सम्राट फोकास याचा स्तंभ आहे, तो उभारला 608 मध्ये, म्हणजे पश्चिमेतलं साम्राज्य संपून शतक उलटल्यावर. सहाशे वर्षांचा माल एका दिवसात कोंबला आहे आणि खाली लिहिलं आहे ‘मूळ रूप’.

मूळ रूप एक नव्हतंच. सीझरच्या काळात याच चौकात लाकडी बाकं ठोकून ग्लॅडिएटरांच्या झुंजी होत, फरसबंदीखाली त्यासाठी भुयारं होती. पुढे पुन्हा पुन्हा आग लागली आणि नव्याने बांधलं गेलं. आज सीनेटगृह म्हणून जी इमारत दिसते ती 283 च्या आगीनंतर सम्राट डायोक्लेशियनने बांधलेली आहे. म्हणूनच जाणकार आधी साल ठरवतात. ‘रोम रिबॉर्न’ हे संगणकीय प्रारूप 320 सालचं आहे आणि ते तसं सांगतं. इटालो जिस्मोंदींची 1:250 मापाची प्रसिद्ध प्रतिकृती सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळाची आहे.

दुसरी गोष्ट, चित्रातलं किती ठाऊक आणि किती अंदाज? जोतं जमिनीत सापडतं, ते पक्कं. खांबाच्या तुकड्याच्या जाडीवरून उंची बऱ्यापैकी काढता येते. नाण्यांवर देवळाची दर्शनी बाजू मिळते. सेव्हेरसच्या काळी संगमरवरावर कोरलेला शहराचा 18 मीटर रुंद नकाशा होता, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरला आहे. छप्पर, पुतळ्यांच्या जागा, पडदे, गर्दी हा बहुतेक अंदाज असतो, आणि प्रामाणिक चित्रकार तसं सांगतो. विकणारा सांगत नाही. आता तर संगणकाकडून मिनिटात चित्र काढून घेतात आणि त्यात कुठेच नसलेले खांबही येतात.

पांढऱ्या रंगाचंही तेच. सम्राट टायटसच्या कमानीवरच्या कोरीव दीपवृक्षावर 2012 मध्ये पिवळ्या रंगाचे कण सापडले. म्हणजे तो सोनेरी दिसावा म्हणून रंगवला होता. जमिनींना आणि खांबांना ट्युनिशियाचा पिवळा दगड, इजिप्तचा जांभळट लाल पॉर्फिरी, ग्रीसचा हिरवट पट्ट्यांचा संगमरवर होता. इमारतींवरच्या लेखांतली अक्षरं ब्राँझची. तरी कोणत्या भिंतीवर नेमकी कोणती छटा होती, हे नमुन्याची तपासणी झाल्याशिवाय कुणी ठामपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

चष्मा घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा: कोणतं साल आणि कुणाच्या संशोधनावरून? उत्तर आलं नाही तर पुढे चला. मुलीच्या प्रकल्पासाठी जवळच्या विद्यापीठातल्या प्राचीन इतिहास किंवा पुरातत्त्व विभागातल्या शिक्षकांना चित्र दाखवा.

तीन वर्षांपूर्वी फोरममधून अंगठ्याएवढा संगमरवराचा तुकडा आणला. तो कशाचा असेल?

तो आता कशाचाच सांगता येणार नाही. कोणत्या थरातून, कशाशेजारून उचलला हे गेलं की तुकड्याची माहिती गेली. आणि हा साधा निष्काळजीपणा नाही. इटलीत पुरातत्त्वस्थळावरून असं काही उचलणं गुन्हा आहे. तीन वर्षं वाट पाहिलीत, आता आणखी थांबू नका. विकू नका, भेट देऊ नका, घासून स्वच्छ करू नका. आधी वकिलाचा सल्ला घ्या आणि मग कलोसियम पुरातत्त्व उद्यानाच्या कार्यालयाला लेखी कळवून परत पाठवा. असे तुकडे परत करणारे तुम्ही पहिले नाही.

आमच्याकडे एकच दिवस आहे. मूळच्यासारखं काही पाहायला मिळेल का?

पँथिऑन या जुन्या देवळाच्या आत जा. 43.3 मीटर व्यासाचा त्याचा घुमट सम्राट हेड्रियनच्या काळचाच आहे आणि जमिनीवरचे रंगीत दगड पाहिलेत की रंगांबद्दल आधी जे सांगितलं ते कळेल. फक्त घुमटाखालच्या भिंतीचा वरचा पट्टा 18व्या शतकात बदलला आहे. त्याचा एक लहान भाग जुन्यासारखा करून ठेवला आहे, तो शोधा. मग सीनेटगृहाच्या दारापुढे थांबा. हे दार नक्कल आहे, मूळ ब्राँझची दारं 17व्या शतकात रोममधल्याच लॅटरनच्या चर्चला नेली. टायटसच्या कमानीत 1821 च्या दुरुस्तीत घातलेला दगड मुद्दाम वेगळा ठेवला आहे. जुनं संपतं कुठे ते साध्या डोळ्यांनी दिसतं. कोणता भाग कधी बंद असतो ते निघण्याआधी उद्यानाच्या कार्यालयाकडून विचारून घ्या, आणि गाइड घेतलात तर त्याचा परवाना पाहून घ्या.