वाचकांचे प्रश्न : कडबा संपल्यावर काय घालायचे?

प्रश्न : ज्वारीचा कडबा संपत आला आहे. बाजरीचे सरमाड आणि विकत घेतलेले गव्हाचे काड शिल्लक आहे. त्यावर युरियाची प्रक्रिया करावी म्हणतो, पण युरियाने जनावर मरते असेही ऐकतो. खरे काय? (आटपाडी, जि. सांगली)

दोन्ही खरे आहे. जनावर मरते ते न मुरलेल्या युरियाने. तो पोटात गेला की त्याचा एकदम अमोनिया होतो, रक्तात उतरतो आणि तासाभरात जनावर थरथरायला लागते, तोंडाला फेस येतो, पोट फुगते. प्रक्रियेत हाच अमोनिया पोटात न होता बाहेर, ढिगात तयार होतो. तो काडाचा चिवटपणा सैल करतो आणि थोडा काडातच राहतो. पोटातले जीवाणू त्यापासून प्रथिने बनवतात. काडातली ३-४ टक्के प्रथिने या रीतीने ७-८ टक्क्यांच्या घरात जातात.

प्रमाण असे : १०० किलो कोरडे काड, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. काड तोलूनच घ्या, युरियाही तोला. ‘दोन ओंजळी’ हा हिशेब इथे चालत नाही. बाटलीतला नॅनो युरियाही उपयोगाचा नाही, त्यात नत्र फारच थोडे असते. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवा, तळाला एक दाणाही राहता कामा नये. कठीण जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून काडाचा वीतभर थर द्या, झारीने द्रावण सगळीकडे सारखे शिंपडा, पायाने तुडवून हवा काढा, मग पुढचा थर. निदान टनभर काड एका वेळी घ्या. लहान ढिगात वायू टिकत नाही. वरून ताडपत्री घालून कडा मातीने लिंपा आणि २१ दिवस उघडू नका. थंडीच्या दिवसांत चार आठवडे द्या.

उघडल्यावर काड तपकिरी-पिवळे आणि मऊ दिसले पाहिजे, डोळ्यांत पाणी येईल असा उग्र वास आला पाहिजे. वासच नसेल तर युरिया मुरलेला नाही, तो तसाच काडाला चिकटून आहे. ते काड घालू नका. बहुतेक वेळा पाणी कमी पडलेले असते. उलट पाणी जास्त झाले तर द्रावण खाली उतरते : वरचा भाग कच्चा, तळाचा भाग जहाल, मधे बुरशी. बुरशीचा भाग टाकूनच द्या.

रोज लागेल तेवढेच एका बाजूने काढून तासभर पसरून ठेवा. पहिल्या दिवशी एक किलो, तेही साध्या वैरणीत मिसळून. आठ-दहा दिवसांत चार-पाच किलोपर्यंत न्या. सोबत दोन-तीन किलो काहीही हिरवे आणि क्षारमिश्रण हवे. सहा महिन्यांखालच्या वासरांना, घोड्याला, गाढवाला हे काड अजिबात नको. द्रावणाची बादली उघडी ठेवू नका. तहानलेली म्हैस ती एका दमात संपवते, आणि गावात ऐकू येणारे मृत्यू बहुधा असेच होतात. विषबाधेची शंका आलीच तर जनावर शुद्धीवर व उभे असताना दोन-तीन लिटर व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी सावकाश पाजा व डॉक्टरांना बोलवा. झटके येत असतील तर काही पाजू नका, ते फुप्फुसात जाते.

आणि चांगला ज्वारीचा कडबा हाताशी असेल तर त्यावर हा खटाटोप करू नका. कुट्टी केलीत तरी पुरे.

प्रश्न : बिनकाट्याचा निवडुंग लावावा का? बांधावरचा निवडुंग चालेल का? (माण, जि. सातारा)

आधी बांधावरचा ओळखा. मराठीत आपण दोन अगदी वेगळ्या झाडांना निवडुंग म्हणतो. तोडल्यावर पांढरा चीक आला तर तो त्रिधारी निवडुंग किंवा शेर. त्याला हातसुद्धा लावू नका, चीक विषारी आहे आणि डोळ्यात गेला तर इजा करतो. चीक न येता बुळबुळीत रस आला, आणि झाड चपट्या फड्यांचे असेल, तर तो फड्या निवडुंग. तो चालतो, पण काटे आणि बारीक कूस जाळावर नीट भाजून घ्यावी लागते. बिनकाट्याची जात ही त्याचीच बहीण. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागात ती वैरण म्हणून मोठ्या प्रमाणावर लावतात.

फड्यात सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणजे १० किलो निवडुंगातून कोरडी वैरण मिळते जेमतेम एक किलो. पाण्याची टंचाई असताना हाच त्याचा मोठा गुण आहे. पण नुसत्या निवडुंगावर जनावर जगवायला गेलात तर ते हगवण लागून खंगेल. दोन बोटांचे तुकडे करून कडब्याच्या कुट्टीत कालवा. मोठ्या जनावराला दोन किलोपासून सुरुवात करून पंधरा दिवसांत १५ किलोपर्यंत, शेळीला एक-दोन किलो. त्यात मीठ आणि प्रथिने कमी असतात, म्हणून मीठ आणि थोडी पेंड जोडीला लागतेच.

लागवडीसाठी फडा सांध्यावर कापून १०-१५ दिवस सावलीत ठेवा. जखम सुकण्याआधी लावला की हमखास कुजतो. एक तृतीयांश भाग मातीत, बाकी उभा. मुरमाड, निचऱ्याची जमीन हवी, चिबड रानात नको. भर पावसात लावू नका. पहिली तोडणी वर्ष-दीड वर्षाने. बुडाचा फडा कधीच तोडू नका. कुंपणाशिवाय लावणार असाल तर राहू द्या : काटा नाही म्हटल्यावर गावातल्या शेळ्या तो वर्षभर टिकू देणार नाहीत.

प्रश्न : महिनाभर गाईंना उसाचे वाढेच घालतोय. शेण पातळ झाले, दूध उतरले. चुन्याची निवळी शिंपडली तर भागेल? (भूम, जि. धाराशिव)

निवळीवर विसंबू नका. वाढ्यातले ऑक्झलेट शरीरातला कॅल्शियम बांधून टाकते, म्हणून चुना सुचवला जातो; पण एक लिटर निवळीत दीड ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळतो. दहा लिटर दूध देणारी गाय फक्त दुधातून रोज सुमारे १२ ग्रॅम कॅल्शियम गमावते. शिंपडा हवी तर, पण दावणीत रोज ५० ग्रॅम क्षारमिश्रण असू द्या. वाढे वैरणीच्या निम्म्यावर आणा आणि बाकी तुरीचे किंवा हरभऱ्याचे भुसकट घाला. शेण दोन-चार दिवसांत बांधले जाईल. दुधाला वेळ लागेल.

प्रश्न : वेड्या बाभळीच्या शेंगा शेळ्यांना रोज दिल्या तर? (करमाळा, जि. सोलापूर)

द्या, पण दळून, आणि खुराकाच्या पाचव्या हिश्शापर्यंतच. शेंगेत साखर भरपूर असते. पोटभर खाल्ल्यास पोट आंबते. कडक उन्हात, हलवल्यावर बी वाजेपर्यंत वाळवा, आणि वाळल्याबरोबर दळा. ओल राहिली की साखरेने चिकट गोळा होऊन गिरणी अडते. साठवायच्या असतील तर हवाबंद ठेवा, नाहीतर भुंगा महिन्याभरात पोखरतो. अख्ख्या शेंगांतले बरेचसे बी न पचता लेंडीतून बाहेर पडते आणि ते लेंडीखत रानात गेले की तिथे वेडी बाभूळ उगवते. रोपे पहिल्या पावसातच, मूळ वरवर असताना उपटा.