मुलींच्या हक्काचा जुना कायदा २००५ मध्ये बदलला, मग त्याचा आज काय संबंध?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, मग १९५६ च्या कायद्याचं अजून का उगाळतात? आणि खाली सहज विचारावं तसं विचारलंय की भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय, करू का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. करू नका. निदान या महिन्यात तरी नको.

आता पहिला प्रश्न. आमची चार एकर जमीन, कोरेगाव तालुक्यात. आम्ही तीन भावंडं, मी थोरली, मग भाऊ, मग धाकटी बहीण. माझं लग्न मे १९९१ मध्ये झालं, धाकटीचं १९९७ मध्ये. ही दोन सालं लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्यांच्यातच आहे.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने एकत्र कुटुंबाच्या जमिनीत जन्मतः हक्क फक्त मुलग्याला ठेवला. मुलीला मिळायचा तो बापाच्या हिश्शातला हिस्सा, तोही बाप गेल्यावर. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला जन्मतः हक्क दिला, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. पण त्यात एक अट होती. २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना तो लागू नाही. म्हणजे एकाच आईच्या पोटच्या आम्ही दोघी, धाकटी आत आणि मी बाहेर.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, २००३ मध्ये दिवाळीच्या तोंडावर गेले. त्या वेळच्या कायद्याने चार एकरांची, म्हणजे १६० गुंठ्यांची, वाटणी अशी होत होती: आधी अण्णा, आई, भाऊ आणि धाकटी यांचे सारखे चार भाग, प्रत्येकी ४० गुंठे. मग अण्णांचे ४० आई आणि आम्हा तिघांत सारखे. म्हणजे आई, भाऊ, धाकटी यांना ५०-५० आणि मला १०.

हे गणित मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, सांगितलं ते असं: "पोरी, तुझं लग्न आधी झालंय, तुला कायद्याने काहीच येत नाही. सही आपली रीत म्हणून." आणि वर, "येत असलं तरी तुकडेबंदीचा कायदा हाय, दहा-वीस गुंठ्याला कोण विचारतंय." तुकडेबंदी १९४७ ची. ती तुकडा पाडून वेगळा करण्याच्या आड येते, सातबाऱ्यावर वारसाचं नाव सामाईकात लावायला तिची कसलीही आडकाठी नाही. पण रद्द झालेला कायदा असो की चालू असलेला, गावात तो असाच तोंडी चालतो, ज्याला जेवढा सोयीचा तेवढा.

मार्च २००४ मध्ये हक्कसोडपत्र करायला आम्ही रजिस्टर ऑफिसला गेलो. तेव्हा रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित हक्क सोडायला मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र होतं. तीच जमीन विकत घ्यायची तर किती भरावं लागतं ते बघा, म्हणजे सरकारने बहिणीने हक्क सोडून द्यायची वाट किती सोपी करून ठेवली होती ते कळेल. दस्तलेखकाने कागद वाचून दाखवला नाही. "राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय" एवढे शब्द मी स्वतः वाचले, आणि ते मला तेव्हा खरेच वाटत होते. बाहेर आल्यावर भावाने रसवंतीत रस पाजला आणि गाडीच्या डिकीतून साडी काढून दिली. जांभळी, मोरपंखी काठाची. मला भरून आलं. वाटलं, माहेर राहिलं.

धाकटीने सही केली नाही. ती म्हणाली, "आक्का, मला जमीन कसायची नाही, पण माझं नाव मी खोडणार नाही." मी तिला काय काय बोलले ते इथे लिहवत नाही. हावरट हा शब्द मीच पहिल्यांदा वापरला, मग सगळ्या भावकीने उचलला. सोळा वर्षं मी तिच्या घरी पाणी प्यायले नाही.

मग ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मिळालेला हक्क जन्मतःच आहे आणि ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, बाप जिवंत असण्याची गरज नाही, असं त्यात स्पष्ट झालं. त्याआधी २०१५ च्या निकालाने माझ्यासारख्या बायकांना बाहेर ठेवलं होतं. लेकाने मला बातमी वाचून दाखवली आणि आम्ही त्याच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. आता पाच भाग, ३२-३२ गुंठ्यांचे. अण्णांचे ३२ चौघांत. आई, भाऊ, धाकटी आणि मी, चौघांना सारखे ४०.

पण त्या दुरुस्तीत २० डिसेंबर २००४ ही तारीख आहे. त्याआधी झालेली रजिस्टर वाटणी किंवा हक्काची विल्हेवाट कायम राहते. माझी सही त्याच्या नऊ महिने आधीची.

त्या संध्याकाळी मी धाकटीला फोन केला. हिशेब सांगितला. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे तुझे तीस वाढले असते आणि माझे दहा कमी झाले असते. चाललं असतं गं मला." जिला मी हावरट म्हटलं, ती हे म्हणाली.

तेव्हा संबंध काय म्हणून विचारू नका. १९५६ च्या कायद्यात कलम २३ होतं. माहेरच्या राहत्या घरात राहायचा हक्क फक्त अविवाहित, नवऱ्याने टाकलेल्या, विभक्त झालेल्या किंवा विधवा मुलीला. घराची वाटणी मात्र तिनेही मागायची नाही, भाऊ आपसात वाटणी करतील तेव्हाच. ते कलम २००५ ला गेलं. पण "नांदत्या लेकीचं माहेरात काय असतं" हे वाक्य कुठे गेलं? माझ्या आईच्या तोंडी तेच होतं, माझ्याही तोंडी तेच. मुलीला वारसाहक्क देऊ पाहणारं हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून बाबासाहेब १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले, तेव्हा ज्या तोंडांनी विरोध केला त्यांचीच भाषा आमच्या ओसरीवर २००४ मध्ये बोलली गेली. आणि बोलणाऱ्यांत बायका जास्त होत्या.

"लग्नात खर्च केला, तोच तुझा वाटा" असं तुमचा भाऊ म्हणेल. खर्च भावाच्या लग्नातही होतो, त्याचा हिस्सा कुणी कापत नाही.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. जमीन वडिलांनी स्वतः विकत घेतली असेल आणि मृत्युपत्र केलं असेल तर हे सगळं लागू होत नाही. २००४ च्या त्या तारखेआधी तुमच्यात रजिस्टर वाटणी झाली असेल तरीही नाही. म्हणून आधी जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढा आणि वकिलाला दाखवा. आणि माझा भाऊ वाईट नाही. आईचं शेवटची पाच वर्षं त्याने आणि वहिनीने केलं, मी केलं नाही. त्याबद्दल वाटणीत काही जास्त द्यायचं तर मी देईन, पण ते माझ्या नावावर आल्यावर, मोजून, मी देईन.

आई २०२१ मध्ये गेली. बाराव्याला तात्यांनी परत कागदाचा विषय काढला. धाकटी माझ्या शेजारीच बसली होती, तिने काहीच म्हटलं नाही. मीच म्हटलं, "तात्या, आईच्या हिश्शाला आम्ही तिघं सारखेच वारस. नाव लागू द्या." भाऊ दोन महिने बोलला नाही, मग बोलायला लागला. फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर आता भाऊ, मी, धाकटी अशी तीन नावं आहेत.

तुमच्याकडे तलाठ्याची फेरफाराची नोटीस आली असेल तर हरकत लेखी द्या, पंधरा दिवसांच्या आत, आणि पोच घ्या.