‘चरबीवर कसला रिसर्च? हिला समजवा’

तुमचं पत्र वाचलं. मुलीचं मेडिकलचं सीट थोडक्यात हुकलं, तिला रिपीट करायचं नाहीये, बीएससी करून रक्तवाहिन्यांभोवतीच्या चरबीवर रिसर्च करायचाय आणि तुमचं म्हणणं, हिला समजवा. मार्क ठीक आहेत, त्याची काळजी नको. मला खटकलं ते वेगळंच. तुम्ही लिहिलंय, ‘मला स्टेंट बसलाय, हट्ट सोडला नाहीस तर दुसरा अटॅक तुझ्यामुळे येईल असं तिला सांगून ठेवलंय.’

अहो, असं बोलतं का कुणी पोरीला? उद्या ती घाबरून हो म्हणेलही, पण मग तुम्ही छातीला नुसता हात लावलात तरी तिच्या पोटात गोळा येणार, आणि हे किती वर्षं चालणार? टेन्शनचा हार्टला त्रास होतो हे खरंय, पण तुमचं टेन्शन तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरांनी बघायचं, तिने करिअर देऊन ते उतरवायचं नाही. शिवाय तुमच्या धमन्या वर्षानुवर्षं अरुंद होत आल्यात, तिच्या अ‍ॅडमिशनच्या फॉर्मने नाही. आणि तुम्हीच पुढे लिहिलंय की हे खूळ तिच्या डोक्यात ‘माझ्या अँजिओप्लास्टीनंतर’ शिरलं. का शिरलं असेल, हा विचार केलात का?

आता ‘चरबीत शोधायचं काय, ती नुसती साठलेली असते’ याबद्दल. असं समजणारे तुम्ही एकटे नाही, लॅबवालेही तेच समजायचे. धमनीची बारीकशी रिंग कापायची, चिमट्याने भोवतीची चरबी साफ सोलून काढायची, मग ती कोमट द्रावणात तारांवर टांगून किती आवळते ते मोजायचं, अशी पद्धत होती. १९९१ मध्ये सोल्टिस आणि कॅसिस या दोघा संशोधकांनी उंदरांच्या महाधमनीवरची चरबी तशीच ठेवून बघितलं, तर धमन्या आवळायला लावणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन टाकल्यावर धमनी कमी आवळली! म्हणजे ही चरबी काम करते. निरोगी असेल तर धमनी सैल ठेवणारे पदार्थ सोडते, लठ्ठपणात तिला सूज येते, हा गुण जातो आणि उलट सूज वाढवणारे पदार्थ धमनीकडे जायला लागतात. उलट दिशेनेही चालतं, धमनीला आतून सूज असली की भोवतालच्या चरबीच्या पेशींची नीट वाढ होत नाही, त्यात फॅट कमी आणि पाणी जास्त राहतं, आणि हा फरक सीटी स्कॅनमध्ये मोजता येतो. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या क्रिस्प-सीटी अभ्यासात सुमारे ३९०० पेशंटचे स्कॅन बघितले होते, ज्यांच्या हृदयाच्या धमन्यांभोवती हा बदल जास्त त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाणही जास्त निघालं. बायपाससाठी पायातली शीर काढताना भोवतीची चरबी मुद्दाम राखणारे सर्जनही आहेत. (म्हणून उद्याच असला स्कॅन करून घ्यायला धावू नका, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.)

रस्ते नेहमीचेच, लाइफ सायन्स किंवा फार्मसी, मग मास्टर्स, पीएचडी, स्कॅनिंगची आवड असेल तर बायोमेडिकल इंजिनिअरिंग, आणि एमबीबीएस करूनही रिसर्चला येता येतंच. तिलाही एक स्पष्ट सांगते, पीएचडीला बरीच वर्षं जातात, पैसे उशिरा येतात, महिनोन्‌महिने प्रयोग फसतात आणि चरबी-धमनी सोडून भलत्याच विषयावर काम करायची वेळ येऊ शकते. हे ऐकून तिचा मूड गेला तर आत्ताच कळलेलं बरं.

पण त्याआधी तुम्ही ते अटॅकचं वाक्य मागे घ्या. तिला समोर बसवून, ‘ते मी चुकीचं बोललो’ एवढं म्हणा, त्याला ‘पण’ जोडू नका. मग तिला पत्र लिहू द्या मला, आणि ती लिहीत असताना शेजारी बसू नका.